हा मास्क कोणाचा? रुग्णालयांच्या संसर्ग नियंत्रण समित्यांना खुले पत्र

प्रति,
शहरातील सार्वजनिक आणि खासगी रुग्णालयांचे अधीक्षक, व्यवस्थापक मंडळे व संसर्ग नियंत्रण समित्यांचे सर्व सदस्य यांस

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी नवी पाटी लागली. ‘संसर्ग टाळण्यासाठी’ घरचा डबा आत आणण्यास मनाई, रुग्णाजवळ एका वेळी एकच नातेवाईक आणि नियम मोडणाऱ्यास 200 रुपये दंड, असा तिचा मजकूर आहे. त्या पाटीखालून आत जाऊन मी तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात पोहोचले, तेव्हा सकाळच्या औषधांची वेळ होती. औषधाचा फवारा श्वासातून देणारे नेब्युलायझरचे यंत्र ट्रॉलीवरून खाट क्रमांक 7 पाशी आले. तिथल्या आजोबांच्या तोंडावरचा मास्क दहा मिनिटांनी काढला गेला, स्पिरिटच्या बोळ्याने त्याची कड पुसली गेली आणि तोच मास्क 9 क्रमांकाच्या तोंडावर चढला. तिथून तो 10 क्रमांकाकडे गेला. त्या रुग्णाला खोकल्याची मोठी उबळ आली, ती मास्कमध्येच गेली. कड पुसणारा बोळा मात्र सकाळपासून तोच होता. त्यानंतर ट्रॉली 12 क्रमांकाच्या खाटेकडे वळली. त्या खाटेवर माझे यजमान होते.

मी तो मास्क परत पाठवला आणि खाली जाऊन औषधांच्या दुकानातून नवा आणला. ही त्यांच्या दाखल होण्याच्या सहाव्या दिवसाची गोष्ट. आधीचे पाच दिवस मुलगा आणि सून आळीपाळीने बसत होते, आणि मास्क कोणाच्या तोंडावरून येतो हे पाहायला हवे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यजमानांना जुना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा विकार आहे. दम लागला म्हणून दाखल केले होते आणि आठवडाभरात घरी सोडू, असे डॉक्टर म्हणाले होते. त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला, बेडका हिरवा झाला, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला, प्रतिजैविके दोनदा बदलावी लागली आणि आठवड्याचे 19 दिवस झाले. ही लागण त्या मास्कमुळेच झाली, असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करायला रुग्णांच्या आणि मास्कच्या नमुन्यांतले जंतू जुळवून पाहावे लागतात, आणि तसे कोणी पाहिले नाही. मी एवढेच म्हणते, की लागण होण्यासाठी जे जे लागते ते सगळे त्या वॉर्डात रोज सकाळ-संध्याकाळ हजर होते. याबद्दल विचारले तेव्हा मला उत्तर मिळाले, ‘बाई, जंतू नातेवाईक बाहेरून आणतात. म्हणून तर पाटी लावली.’

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते लिहिले, तर आपल्यापैकी बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि तसा तो टाकण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे.

मी स्वतः 33 वर्षे शासकीय सेवेत परिचारिका होते. शेवटची 9 वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका. त्यामुळे जे लिहिते आहे त्यात माझाही वाटा आहे, हे आधी कबूल करते. माझ्या उमेदीच्या काळात चाळीस खाटांच्या वॉर्डात काचेचे दोन तापमापक असायचे. सॅव्हलॉनच्या बाटलीत बुडवायचा, बाहेर काढून झटकायचा आणि पुढच्याच्या काखेत ठेवायचा, असा आमचा क्रम होता. सकाळी भरलेले ते पाणी रात्रपाळीपर्यंत गढूळ व्हायचे, आणि त्यात बुडवलेल्या तापमापकाला आम्ही स्वच्छ म्हणायचो. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. काम उरकायचे होते, आणि काखेतल्या काचेच्या कांडीने कोणाचे काय बिघडणार, अशी खात्री होती.

काय बिघडते, ते पुढे ऑक्सफर्डमध्ये दिसले. तिथल्या मेंदूच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात 2015 ते 2017 या काळात कॅन्डिडा ऑरिस नावाची, अनेक औषधांना दाद न देणारी बुरशी एकामागून एका रुग्णात सापडू लागली. आकडा 70 पर्यंत गेला. विभागाची स्वच्छता वाढवली तरी नवे रुग्ण मिळतच होते. अखेर बोट गेले ते काखेत ठेवून तापमान मोजणाऱ्या, एका रुग्णावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रोबकडे. ते वापरातून काढल्यावर साथ ओसरली, आणि 2018 मध्ये हा सारा तपास प्रसिद्ध झाला. पैशाची, मनुष्यबळाची आणि प्रयोगशाळांची वानवा नसलेल्या रुग्णालयात एका तापमापकाने सर्वांना दोन वर्षांहून अधिक काळ झुलवले. ही बुरशी आपल्या देशातल्या रुग्णालयांना नवी नाही, हे आपल्या समित्यांमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना मी सांगायला नको.

जंतू वस्तूवर टिकतात किती, याचा सामान्य अंदाज फार चुकीचा आहे. वस्तू कोरडी झाली की जंतू मेला, असे घरात आणि वॉर्डातही सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात स्टॅफिलोकॉकस आणि ॲसिनेटोबॅक्टर हे रुग्णालयांतले नेहमीचे जंतू कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत तग धरतात. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस जिवंत राहतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढे रक्तही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी सुमारे 15 जणांना तिथेच किमान एक नवी लागण होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण 7 आहे. याचा सगळा दोष वस्तूंचा नाही. सलाइनच्या सुया, मूत्रनळ्या, व्हेंटिलेटर आणि न धुतलेले हात यांचा वाटा मोठा आहे. पण हात तरी जंतू कुठून उचलतात? हात धुण्याचे जे पाच प्रसंग आपण वॉर्डावॉर्डांत चित्रांसह लावले आहेत, त्यांतला पाचवा प्रसंग ‘रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर’ हा आहे. ते चित्र लावणाऱ्यांनीही तो वाचलेला नसतो, असे माझे निरीक्षण आहे.

त्या 19 दिवसांत मला वेळ भरपूर होता, म्हणून मी एक साधा प्रश्न चार जणांना विचारला : बीपीचा पट्टा कोण पुसते? सिस्टर म्हणाल्या, मावशी (वॉर्डातल्या मदतनीस) पुसतात. मावशी म्हणाल्या, मशीनला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. यंत्रांची देखभाल करणारा तंत्रज्ञ म्हणाला, बिघडले तर माझ्याकडे येते, पुसणे वॉर्डाकडे. निवासी डॉक्टरांनी मला पुन्हा सिस्टरकडे पाठवले. चौघेही खरे बोलत होते. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. शस्त्रक्रियेच्या कात्रीला मालक आहे. तिची मोजणी होते, ती वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाते, पाकिटावर तारीख पडते. सलाइनच्या सुईला मालक आहे; ती एका रुग्णाची असते आणि नंतर ठरलेल्या डब्यात जाते. या दोहोंच्या मधल्या शेकडो वस्तू सगळ्यांच्या आहेत, म्हणून त्या कोणाच्याच नाहीत, आणि जंतूंचा सुखाचा प्रवास त्यांच्यावरून चालतो.

आता तक्रारी. त्या मी महत्त्वाच्या क्रमाने मांडते.

पहिली तक्रार मास्कचीच आहे. वस्तू किती निर्जंतुक हवी, हे ती शरीराच्या कोणत्या भागाला भिडते यावरून ठरवावे, ही अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांची पद्धत जगभरात पन्नास वर्षांहून अधिक काळ शिकवली जाते, आणि मलाही परिचर्या विद्यालयात शिकवली होती. रक्तात किंवा शरीराच्या आत जाणारी वस्तू पूर्ण निर्जंतुक हवी. तोंड, नाक, श्वासमार्ग यांच्या ओल्या अस्तराशी संबंध येणारी वस्तू उच्च दर्जाच्या निर्जंतुकीकरणातून गेलेली हवी. धडधाकट त्वचेला लागणारी वस्तू पुसून स्वच्छ केली तरी चालते. नेब्युलायझरचा मास्क आणि त्याची औषधाची वाटी मधल्या वर्गात बसते, आणि आपण तिला तिसऱ्या वर्गाची वागणूक देतो. तीही धड नाही, कारण बोळा कडेवर फिरतो आणि ज्या वाटीतून औषधाचा धूर फुप्फुसात जातो, ती तशीच ओली राहते. याहून मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. बिलात ‘नेब्युलायझर किट, नग 1’ अशी नोंद होती. म्हणजे स्वतंत्र मास्कचे पैसे आम्ही दिले आणि वापरला तो सामायिक. हा प्रकार हिशेबाच्या चुकीत बसतो की आणखी कशात, हे आपण ठरवावे.

दुसरी तक्रार ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बुडबुड्यांच्या बाटलीची. तिच्यात निर्जंतुक पाणी असावे, ते संपत आले की त्यातच भर न घालता बाटली रिकामी करून, स्वच्छ करून पुन्हा भरावी, आणि एका रुग्णाची बाटली दुसऱ्याला लावू नये, हे प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते. मी पाहिले ते असे, की मामांनी (वॉर्डातल्या पुरुष मदतनिसांनी) बेसिनच्या नळाचे पाणी खुणेपर्यंत ओतले आणि झाकण फिरवले. नळाच्या पाण्यात सुडोमोनाससारखे जंतू सुखाने वाढतात, आणि रुग्ण त्या पाण्यातून आलेला वारा चोवीस तास हुंगत राहतो. तरी मी मामांना दोष देत नाही. निर्जंतुक पाण्याची बाटली कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली सुटीवर गेलेल्या इन्चार्जकडे होती.

तिसरी तक्रार ट्रॉलीवरच्या लहान वस्तूंची. बीपीचा पट्टा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ईसीजीचे रबरी कप आणि रक्त घेताना दंडाला बांधायची रबरी पट्टी (ती बहुतेकदा जुन्या हातमोज्याचीच असते) या वस्तू दिवसाला वॉर्डातल्या प्रत्येक अंगाला लागून येतात. स्टेथोस्कोपबद्दल तर जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात मोजूनच पाहिले गेले आणि तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला तपासल्यावर स्टेथोस्कोपच्या चकतीवर मिळालेले जंतू डॉक्टरांच्या बोटांच्या टोकांवरच्यापेक्षा कमी, पण तळहाताच्या इतर भागांवरच्यापेक्षा जास्त होते. म्हणजे स्टेथोस्कोप हा डॉक्टरांचा तिसरा हात आहे आणि तो कधी धुतला जात नाही. या सगळ्यांत मला सर्वांत धोक्याची वाटते ती साखर तपासण्याची पेटी. बोटाला टोचायचे पेन कधीही दोन रुग्णांत वापरू नये. सुई नवी घातली तरी पेनच्या टोकावर रक्ताचा अंश राहू शकतो आणि हिपॅटायटिस-बी पसरायला तेवढे पुरते. आमच्या वॉर्डात एक पेन होते आणि साखरेचे रुग्ण 11 होते.

चौथी तक्रार हातमोज्यांची. हातमोजे घातले की हात स्वच्छ झाले, या समजुतीने एक ब्रदर त्याच मोज्यांनी एकाची मूत्रपिशवी रिकामी करून, वाटेत खाटेची कड, फोन आणि दाराची कडी हाताळून, दुसऱ्याची सलाइन बदलताना मी पाहिले. मोजे त्यांना जपतात. रुग्णाला जपायचे तर ते बदलावे लागतात.

पाचवी तक्रार फरशीची, आणि ती थोडी उलट आहे. फरशीवर आपण गरजेपेक्षा जास्त जीव टाकता. दिवसातून तीनदा सुवासिक औषधाने ती पुसली जाते, पाहणीच्या आदल्या दिवशी पाच वेळा. 2015 मध्ये स्वच्छतेसाठी रुग्णालयांची पाहणी करून बक्षिसे देणारी केंद्राची कायाकल्प योजना आल्यापासून सरकारी रुग्णालयांचे रूप पालटले आहे, हे मी कौतुकाने सांगते. पण पाहणी करणाऱ्याला चमकती फरशी दिसते, खाटेची कड दिसत नाही. रुग्णाचे, नातेवाइकाचे आणि सिस्टरचे हात जिथे लागतात त्या जागा म्हणजे खाटेची कड, बेल, सलाइनचा स्टँड, लॉकरची मूठ, पडद्याची कड, संडासाची कडी आणि नळाची चावी. फरशीला कोणी हात लावत नाही. (रात्री तिच्यावर चटई टाकून झोपतो ते आम्ही नातेवाईक; पण आमचा विचार त्या पाटीपलीकडे कोणी केलेला नाही.) आणि पुसायचे ते पोतेरे संडासातून निघून वॉर्डात येणार असेल, तर न पुसलेले बरे.

याच ओघात स्पिरिटबद्दल लिहिते, कारण त्यावर आंधळा विश्वास आहे. स्पिरिट चांगले आहे, पण पृष्ठभाग ओला राहून आपोआप वाळेपर्यंत त्याला वेळ द्यावा लागतो, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जुलाब करणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंपुढे (त्यांच्या कडक कवचाच्या सुप्त रूपापुढे) त्याचे काही चालत नाही. तिथे हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि वस्तूंना क्लोरीनचे द्रावण लागते. ते द्रावणही रोज ताजे करावे लागते. परवाच्या बादलीला वास असतो, ताकद नसते.

सहावी तक्रार घराशी निगडित आहे, आणि तिच्यात मी स्वतः आरोपी आहे. यजमानांना घरी सोडताना मिळालेल्या कागदावर 9 औषधे, पथ्य आणि ‘नेब्युलायझर घरी घ्यावा’ अशी एक ओळ होती. तो धुवायचा कसा, वाळवायचा कसा, दुसऱ्या कोणाला द्यायचा की नाही, याबद्दल अक्षर नव्हते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तर सांगत होते, की त्यांच्या चाळीत एकच यंत्र आणि एकच मास्क सहा घरांत फिरतो. लोक त्याला शेजारधर्म म्हणतात. यंत्र फिरायला हरकत नाही. मास्क आणि वाटी ज्याची त्याची हवी, प्रत्येक वापरानंतर धुऊन, झटकून, उघड्यावर पूर्ण वाळवलेली हवी. दोन ओळींची ही माहिती देण्यास डॉक्टरच हवेत असेही नाही.

माझ्या घरचे सांगते. यजमान दवाखान्यात असताना नातवाच्या मांडीवर गजकर्ण उठले. सुनेने औषधांच्या दुकानातून एक मलम आणले. त्यात स्टेरॉइड होते, त्यामुळे खाज थांबली आणि चकंदळ वाढत राहिले. पंधरा दिवसांत ते मुलाला आणि सुनेलाही झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न केला, ‘घरात टॉवेल किती?’ न्हाणीघरात एकच मोठा टॉवेल चार अंगांना पुसत होता, आणि 33 वर्षे वॉर्डात लोकांना स्वच्छतेवरून बोलणारी मी रोज तिथेच अंघोळ करत होते. वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखे काढायचे यंत्र यांची गोष्ट अशीच. त्यांवरून हिपॅटायटिस-बी आणि सीचे विषाणू एकाच घरात फिरू शकतात. 2023 च्या जुलैत आळंदी परिसरात शाळकरी मुलांचे डोळे आले आणि ती साथ पाहता पाहता राज्यभर पसरली, तेव्हाही घरोघरच्या रुमालांनी आणि उशांनी तिला हातभार लावला असणार, याबद्दल मला शंका नाही.

पाण्याचे भांडे तर मी विसरूच शकत नाही. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये 1980 च्या दशकात संशोधकांनी कॉलऱ्याचे रुग्ण असलेल्या घरांना अरुंद मानेची मातीची सुरई दिली. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवताना हात पाण्याला लागतो. सुरईत हातच जात नाही. एवढ्या बदलाने घरातल्या इतरांना होणारी लागण पुष्कळ कमी झाली. आपल्या वॉर्डांत आजही झाकण नसलेले स्टीलचे पिंप असते, त्याला साखळीने बांधलेला एक पेला असतो, आणि तो पेला पाण्यात कोपरापर्यंत हात घालून भरला जातो. ज्या रुग्णालयाला डब्याची भीती वाटते, त्याला या पिंपाची का वाटत नाही?

इथे एक खबरदारी मला घ्यायची आहे. वस्तूंची भीती घालणे हा माझा हेतू नाही, आणि त्या भीतीचा आपला इतिहास चांगला नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात घराघरांत शिरून सामान रस्त्यावर आणून जाळले गेले, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले, की रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो. 2020 मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. करोना मुख्यतः हवेतून पसरतो हे कळल्यावर लोक उलट टोकाला गेले आणि ‘वस्तूवरून काही होत नाही’ म्हणू लागले. क्षयाच्या रुग्णाचे ताट-वाटी अजूनही अनेक घरांत वेगळी काढतात. क्षय ताटावरून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत येतो. ताट वेगळे केल्याने त्या माणसाचा अपमान तेवढा होतो आणि खिडकी उघडायची राहून जाते. एचआयव्हीचेही तसेच. कोणता रोग कशावरून जातो, हे नेमके सांगणे आपले काम आहे. सरसकट पाटी लावून ते होत नाही.

केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये बदल होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. म्हणजे भिंतीवर जागा आहे आणि कागदावर ज्ञानही आहे. त्या आधारे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

दरपत्रकाशेजारी प्रत्येक वॉर्डात एक तक्ता लावावा. त्यात वॉर्डातल्या सामायिक वस्तू, ती कशाने आणि किती वेळाने पुसायची, आणि त्या पाळीत ते कोणी करायचे, हे नावानिशी लिहावे. पदनाम पुरणार नाही. बाकीच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या आणि ही राहिली, तर काहीही बदलणार नाही.

नेब्युलायझरचा मास्क आणि वाटी रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावून त्याच्या स्वाधीन करावी आणि सुटी देताना सोबत द्यावी. जिथे खर्चामुळे पुन्हा वापरणे भाग आहे, तिथे रुग्ण बदलताना तिचे योग्य निर्जंतुकीकरण व्हावे आणि बिलात नव्या किटची नोंद करू नये.

साखर तपासताना टोचणी एकदाच वापरून फेकायची असावी. पेन वॉर्डातून हद्दपार करावे. जुलाब, खरूज किंवा औषधांना न जुमानणारे जंतू असलेल्या रुग्णासाठी बीपीचा पट्टा आणि तापमापक स्वतंत्र ठेवावा. बाकीच्यांसाठी पुसण्याचे साहित्य यंत्रालाच अडकवलेले असावे, कुलूपबंद कपाटात नसावे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तोटी आणि झाकण बसवावे.

ही कामे परिचारिकांच्या अंगावर तशीच ढकलू नयेत. रात्रपाळीला साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असतील, तर दोन रुग्णांमध्ये पट्टा पुसला जाणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. पुसण्याला लागणारा वेळ ड्यूटीच्या हिशेबात धरावा आणि त्याप्रमाणे माणसे द्यावीत. मावशी आणि मामा आता बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहेत. त्यांना रुजू होतानाच प्रशिक्षण, पुरेसे हातमोजे आणि हिपॅटायटिस-बीची लस मिळावी.

आपल्या रुग्णालयात दाखल झाल्यानंतर किती जणांना नवी लागण झाली, याचा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा. तो शून्य असल्याचे सांगणाऱ्या रुग्णालयावर मी विश्वास ठेवणार नाही. मोजून, वाईट का होईना, आकडा सांगणाऱ्यावर ठेवीन.

सुटीच्या कागदासोबत मराठीत एक पान द्यावे : घरी काय वेगळे ठेवायचे, काय कसे धुवायचे, आणि काय वेगळे ठेवण्याची अजिबात गरज नाही.

शेवटी, डबाबंदीचा नियम मागे घ्यावा किंवा त्याचा आधार लेखी दाखवावा. गर्दी कमी करण्याला माझा विरोध नाही. आमचे हातही धुतलेले हवेत, हे मान्य आहे. मग वॉर्डाच्या दारात साबण आणि वाहते पाणी द्या आणि दंड खुशाल घ्या.

यजमानांची फेरतपासणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी आहे. त्यांचा मास्क नावाच्या चिठ्ठीसह माझ्या पिशवीत असेल, आणि जेवणाचा डबाही असेल. बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळण्याआधी तो शेवटचा कधी आणि कोणी पुसला, हे मी ट्रॉलीजवळच्या सिस्टरला विचारणार आहे. त्या मुलीला उत्तरासाठी माझ्याकडे किंवा मावशींकडे पाहावे लागू नये, एवढी व्यवस्था तोवर करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका